सागरी स्पंज : मुद्दल न मोडता मिळणारे व्याज

पेढीवर किंवा बँकेच्या खिडकीत नोटा मोजणाऱ्याच्या हाताशी ओल्या स्पंजची एक डबी हमखास असे. त्या डबीतील स्पंज कारखान्यात रसायनांपासून तयार झालेला असतो. ज्याच्यावरून त्याला हे नाव मिळाले, तो मूळ स्पंज मात्र समुद्रतळाशी खडकाला चिकटून वाढणारा प्राणी आहे. हाच प्राणी आज वैद्यकशास्त्राला उपयुक्त अशा पदार्थांचा संभाव्य स्रोत म्हणून अभ्यासला जात आहे.

स्पंजला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, पोट किंवा रक्तवाहिन्याही नाहीत. अंगावरील असंख्य छिद्रांतून पाणी आत घ्यायचे, त्यातील सूक्ष्म जीवाणू व अन्नकण गाळून घ्यायचे आणि स्वच्छ पाणी बाहेर सोडायचे, हाच त्याचा दिनक्रम. त्याचे खरे वैशिष्ट्य मात्र पुनर्निर्मितीत आहे. हेन्री विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून दाबून गाळला. विलग झालेल्या पेशी काही काळाने पुन्हा एकत्र आल्या व त्यांतून नवा स्पंज घडला. कापलेला तुकडाही योग्य जागी रुजला तर स्वतंत्रपणे वाढतो.

या साध्या देहात चार मौल्यवान पदार्थ सापडतात. पहिला स्पंजिन. आंघोळीच्या स्पंजचा मऊ, सच्छिद्र सांगाडा या प्रथिनाचा असतो. इंग्लंडमधील साउथहॅम्प्टन येथील संशोधकांनी २००३ मध्ये असे दाखवले, की या तंतूंच्या जाळीवर मानवी हाडे घडविणाऱ्या पेशी चिकटतात व वाढतात. इमारतीला परांची असते तशीच ही जाळी नव्या हाडाला आधार देऊ शकेल, अशी कल्पना त्यामागे आहे. दुसरा पदार्थ सिलिका, म्हणजे काचेचाच प्रकार. काच करायला माणसाला धगधगती भट्टी लागते. स्पंज मात्र समुद्राच्या थंड पाण्यात, सिलिकेटिन नावाच्या विकराच्या साहाय्याने काचेच्या सूक्ष्म सुया घडवतो. या विकराचा शोध १९९८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शास्त्रज्ञांनी लावला. तिसरा पदार्थ कायटिन. तो काही स्पंजांच्या सांगाड्यात असतो, हे २००७ मध्ये जर्मन संशोधकांनी सिद्ध केले. चौथा व व्यापारदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा पदार्थ म्हणजे कोलॅजेन.

जखमेवरील पट्ट्या, शस्त्रक्रियेतील साहित्य, सौंदर्यप्रसाधने अशा अनेक ठिकाणी कोलॅजेन लागते आणि ते बहुतांशी गाय-बैल व डुक्कर यांच्या कातड्यापासून व हाडांपासून मिळवले जाते. औषधाच्या कॅप्सूलचे जिलेटिनही त्याच वाटेने येते. शाकाहारी कुटुंबांना ही गोष्ट फार दिवसांपासून खटकत आली आहे. १९९६ मध्ये गुरांच्या मेंदूरोगाचा माणसाशी असलेला संबंध ब्रिटनमध्ये जाहीर झाल्यावर युरोपातील उद्योगही अन्य स्रोत शोधू लागला. भूमध्य समुद्रातील ‘कॉन्ड्रोसिया रेनिफॉर्मिस’ हा मूत्रपिंडाच्या आकाराचा, कोलॅजेनने भरलेला स्पंज त्यामुळेच चर्चेत आला.

परंतु समुद्रातून उपसा करणे हा मार्ग नव्हे, हे दोन अनुभवांनी शिकवले. हॅलिकॉन्ड्रिन हे कर्करोगविरोधी द्रव्य १९८६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना स्पंजात सापडले. पुढे न्यूझीलंडमध्ये एक टन स्पंज गोळा केल्यावर हाती आले सुमारे ३०० मिलिग्रॅम. सराफाच्या तराजूवर एक ग्रॅमचा जेमतेम तिसरा हिस्सा! अखेर या रेणूच्या रचनेवरून प्रयोगशाळेत बनवलेले एरिब्युलिन हे औषध २०१० मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी मान्य झाले. दुसरा अनुभव ग्रीसचा. कालिम्नोस बेटावरील पाणबुड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या स्पंज काढले. या धंद्यात कित्येकांनी प्राण गमावले, कित्येक पंगू झाले. त्यातच १९८६ च्या सुमारास भूमध्य समुद्रातील स्पंजांवर साथ पसरली आणि आधीच उपशाने क्षीण झालेले साठे आणखी खालावले. मुद्दल खाणाऱ्या पेढीची जी गत होते, तीच झाली.

व्याजावर जगण्याची वाट टांझानियातील झांझिबार बेटावर दिसते. जांबियानी गावातील स्त्रिया उथळ समुद्रात दोर बांधून त्यांवर आंघोळीच्या स्पंजांचे तुकडे ओवतात आणि पूर्ण वाढलेले स्पंज विकतात. पुढील पिकाचे बियाणे त्याच स्पंजांच्या तुकड्यांतून मिळते, नव्याने समुद्र खरवडावा लागत नाही. पूर्वी याच भागातील अनेकींची उपजीविका सागरी शेवाळाच्या शेतीवर होती. पाणी तापू लागल्यावर ती ढासळली आणि हा नवा आधार मिळाला. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर कोलॅजेनसाठी कॉन्ड्रोसियाच्या शेतीचे प्रयोग झाले आहेत. मत्स्यशेतीजवळ स्पंज वाढवले, तर तेथील सांडपाण्यातील जीवाणू हेच त्यांचे अन्न होते. पीकही मिळते आणि पाणीही निवळते, असा हा दुहेरी लाभ.

तरीही हिशेबाच्या दोन्ही बाजू पाहणे योग्य. स्पंजपासूनचे हाडांचे सांगाडे व कोलॅजेनच्या पट्ट्या अजून मुख्यतः प्रयोगशाळेच्या पातळीवर आहेत. स्पंज अत्यंत सावकाश वाढतो आणि प्रत्येक समुद्रात सारखा रुजत नाही. शिवाय मज्जातंतू नसले तरी तो सजीवच आहे. तुकडा काढून उरलेला भाग जगू देणे यात हिंसा कमी होते, संपत नाही. म्हणूनच आणखी एक दिशा लक्षणीय ठरते. सिलिकेटिनची जनुकीय कृती जीवाणूंना शिकवून हा विकर आता प्रयोगशाळेत तयार करता येतो. त्यासाठी स्पंजला हात लावावा लागत नाही.

निसर्गाकडून वस्तू घेण्यापेक्षा वस्तू बनवण्याची विद्या घेणे, हा सौदा अधिक शहाणपणाचा आहे. वस्तू घेतली की साठा घटतो. विद्या कितीही घेतली तरी देणाऱ्याचे भांडार भरलेलेच राहते.