सावड शेतातली आणि कारखान्यातली

बैल एकाचे, मनुष्यबळ दुसऱ्याचे आणि पेरणी पाळीपाळीने दोघांच्याही शेतात, ही महाराष्ट्रातील 'सावड'. पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातील वाहनउद्योगाला तिचीच गरज भासली. महागडी चाचणी यंत्रे एकट्या लघुउद्योजकाला परवडत नाहीत. त्यामुळे केंद्राच्या २००३च्या पायाभूत सुविधा योजनेचा आधार घेत, महापालिका व मराठा चेंबरच्या सहभागातून चिंचवडचे सामाईक ऑटो क्लस्टर उभे राहिले. उद्योग व सरकार यांनी १९६६मध्ये स्थापलेल्या 'एआरएआय'ने पुढे विद्यापीठांच्या सहकार्याने पदव्युत्तर अभ्यासक्रमही राबविले. परस्परांचे स्पर्धक येथे एकाच प्रयोगशाळेचा लाभ घेतात. मात्र सावड टिकते ती विश्वासावर. सामाईक यंत्रावर छोट्या कारखानदाराची पाळी वेळेवर आली, तरच हा त्रिपक्षीय सहयोग त्याला आपला वाटेल.