कपाशी व गुलाबी बोंडअळी यांचे प्रजनन

यवतमाळ जिल्ह्याचे प्रमुख पीक असलेल्या कपाशीचे प्रजनन फुलातून होते आणि गुलाबी बोंडअळी ही तिची कीडही त्याच फुला-बोंडात वाढते.

कपाशीचे फूल उभयलिंगी असते. पुंकेसरांची नळी स्त्रीकेसराला वेढून असल्याने बहुतांशी स्वपरागण होते. परागकण जड व चिकट असतात; ते वाऱ्यावर वाहून जात नाहीत, मधमाश्यांसारखे कीटक ते नेतात. सकाळी दुधाळ रंगाचे उमललेले फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. एकाच पऱ्हाटीवर दोन रंगांची फुले दिसतात ती यामुळेच. फलनानंतर बीजांडांची सरकी आणि अंडाशयाचे बोंड बनते. रुईचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या आवरणावरील एकच लांबलेली पेशी होय.

संकरित बियाण्यासाठी मात्र माणूस मधमाशीचे काम करतो. उमलण्याच्या आदल्या सायंकाळी कळीतील पुंकेसर काढून टाकतात व दुसऱ्या सकाळी अन्य वाणाचे पराग स्त्रीकेसराच्या टोकावर लावतात. 'एच-४' हा पहिला व्यापारी संकरित वाण सी. टी. पटेल यांनी सुरत येथे विकसित केला. तो १९७० मध्ये प्रसारित झाला. संकरित झाडाच्या सरकीतून उगवणारी पुढची पिढी एकसारखी निपजत नाही. घरची सरकी पेरण्याची जुनी रीत मोडली आणि शेतकऱ्याला दरवर्षी बियाणे विकत घेणे भाग पडले, त्याचे कारण हेच.

बोंडअळीचा पतंग निशाचर आहे. मादी विशिष्ट गंध सोडते व नर त्या मागावर येतो; कामगंध सापळ्यात हाच गंध कृत्रिमरीत्या वापरून नर पकडतात. मादी पात्या, फुले व बोंडांवर अंडी घालते. फुलात शिरलेली अळी पाकळ्या रेशमी धाग्यांनी गुंफते. अशा न उमललेल्या फुलास 'डोमकळी' म्हणतात. बोंडात शिरलेली अळी सरकी खाते. तिने पाडलेले छिद्र बुजून जात असल्याने बोंड वरून निरोगी दिसते.

या किडीविरुद्ध भारतात २००२ मध्ये बीटी कपाशीला आणि २००६ मध्ये दोन बीटी जनुके असलेल्या कपाशीला मान्यता मिळाली. तथापि संकरित झाडाला सामान्यतः बीटी जनुक एकाच पालकाकडून मिळते. स्वपरागणाने बनलेल्या सरकीपैकी सुमारे चतुर्थांश सरकीत ते नसते. परिणामी एकाच बोंडात अळीला विषारी व निर्विष असे दोन्ही दाणे मिळतात, आणि अशा मिश्र आहारावर अंशतः प्रतिकारक्षम अळ्या तग धरून प्रजनन करतात. प्रतिकारशक्ती वाढण्याचे हे एक कारण मानले जाते. २०१७ च्या हंगामात यवतमाळसह विदर्भात या अळीचा मोठा उद्रेक झाला. फरदड, म्हणजे वेचणीनंतरही पाणी देऊन राखलेले पीक, तिला जादा पिढ्यांसाठी अन्न पुरवते. हंगाम संपल्यावर अळी सरकीत किंवा वाळलेल्या बोंडात सुप्तावस्थेत राहते आणि पुढील हंगामात पतंग होऊन बाहेर पडते.