रिकामी टाकी आणि नत्रवायू

भरलेल्या टाकीपेक्षा जवळजवळ रिकामी टाकी अधिक धोक्याची, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. परंतु भडका उडतो तो इंधनाच्या वाफेचा, आणि तिला हवेतील प्राणवायूची जोड लागतेच.

१७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेले टी. डब्ल्यू. ए. कंपनीचे बोइंग ७४७ विमान काही मिनिटांतच अटलांटिकवर फुटले. २३० माणसे प्राणांस मुकली. मधल्या टाकीत इंधन थोडेच होते, व खालच्या वातानुकूलन यंत्रांच्या उष्णतेने त्याची वाफ झाली होती. ठिणगी बहुधा विजेच्या तारांतील दोषाने पडली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

ठिणगीची प्रत्येक वाट बुजविणे दुरापास्त. त्यापेक्षा प्राणवायूच कमी करावा, हे शहाणपणाचे. इंजिनातून घेतलेली दाबाची हवा थंड करून केसासारख्या पोकळ तंतूंच्या जुडग्यातून सोडतात. प्राणवायू तंतूंच्या भिंतींतून चटकन पाझरून बाहेर जातो. उरलेली, नत्रवायू अधिक असलेली हवा टाकीत भरते. एरवी हवेत प्राणवायू शेकडा २१ असतो. टाकीत तो १२ च्या खाली आला की ठिणगी पडूनही स्फोट होत नाही. नत्रवायूचे जड सिलिंडर बरोबर वाहण्याचे कारणच उरत नाही.

अमेरिकेने अशा टाक्यांविषयी नियम केला तो २००८ साली. तोवर बारा वर्षे लोटली होती.