क्रूझर : चौकटीतली ओळख

क्रूझर म्हणजे : बुटकी सीट, लांब व्हीलबेस, पुढे सरकवलेले फूटपेग, मागे ओढलेलं हँडल. इंजिनाचा भर कमी आरपीएमवर मिळणाऱ्या टॉर्कवर.

मराठी मुलखातली : पुण्याच्या बजाजने २००१ मध्ये कावासाकीसोबत ‘एलिमिनेटर’ आणली. २००५ पासून ‘अ‍ॅव्हेंजर’.

सुपर मिटिऑर ६५० (रॉयल एनफील्ड)
• भारतात विक्री : जानेवारी २०२३
• इंजिन : ६४८ सीसी, शेजारी-शेजारी दोन सिलिंडर
• ताकद सुमारे ४७ पीएस, टॉर्क ५२.३ एनएम
• सीट ७४० मिमी, वजन २४१ किलो. सीट बुटकी म्हणजे गाडी हलकी, असं नव्हे. पार्किंगमधून मागे ढकलताना ते कळतं.
• थंड ठेवायला हवा आणि तेल. पाण्याचा रेडिएटर नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, हे लक्षात असावं.

धाकटी : मिटिऑर ३५०. नोव्हेंबर २०२०, ३४९ सीसी, एक सिलिंडर, १९१ किलो.

नागपूरकरांसाठी : ७०१ किमीच्या समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी. मग उरतात राष्ट्रीय महामार्ग ४४ (श्रीनगर–कन्याकुमारी) आणि ५३ (अमरावती–रायपूर).