दंतवैद्यकातील गुण आणि 'गुणवत्ता'

दंतवैद्यक महाविद्यालयातला दलित विद्यार्थी नापास झाला की कारण आधीच ठरलेले असते : राखीव जागेवरून आला, गुणवत्ताच कमी. हे उत्तर प्रस्थापितांना सोयीचे आहे. ते एकदा दिले की परीक्षेकडे आणि विद्यार्थ्याच्या परिस्थितीकडे पाहण्याची गरज उरत नाही.

आपण आधी परीक्षाच पाहू. भारतीय दंत परिषदेच्या २००७ च्या नियमावलीत लेखी आणि प्रात्यक्षिक मिळून विषयाला २०० गुण ठेवले गेले. त्यांत विद्यापीठाच्या लेखी उत्तरपत्रिकेचा वाटा ७०. तोंडी परीक्षेला २०, प्रात्यक्षिकाला ९० आणि अंतर्गत मूल्यमापनाला २०. म्हणजे १३० गुण असे की ते देणाऱ्याला विद्यार्थी दिसतो, त्याची बोली ऐकू येते किंवा तो वर्षभर ओळखीचा असतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेविषयीच्या सुखदेव थोरात समितीच्या २००७ च्या अहवालात नेमक्या तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षांतील पक्षपाताची तक्रार दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी नोंदवली आहे. ती संस्था वैद्यकाची. पण परीक्षेची पद्धत तीच.

दुसरी गोष्ट हाताची. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरावा लागतो. पुन्हा पुन्हा कोरल्याखेरीज हात बसत नाही. त्यासाठी मेण, हत्यारे, निवांत जागा आणि वेळ लागतो. शिष्यवृत्ती उशिरा आली की हत्यारे उसनी घ्यावी लागतात आणि सराव दुसऱ्याच्या सवडीवर राहतो.

तिसरी गोष्ट भाषेची. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला दाढेची रचना माहीत असते, पण इंग्रजीत सांगताना तो अडखळतो. परीक्षक अडखळण्यालाच अज्ञान समजतो.

मेहनतीला पर्याय नाही, हे खरेच. पण मेहनतीला आधार लागतो. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले, ते याच जाणिवेतून. आज आपल्या वरच्या वर्गातील मुलांनी हत्यारांची पेढी चालवावी, धाकट्यांकडून तोंडी परीक्षेचा सराव करून घ्यावा. आणि संघटनांनी एक साधी मागणी लावून धरावी : लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत गुणांची प्रवर्गनिहाय सरासरी वेगवेगळी जाहीर करा. लेखीत बरोबरीने चालणारा विद्यार्थी तोंडीत मागे पडत असेल, तर गुणवत्ता कोणाची तपासायची, ते मग आपोआप कळेल.