व्हिडिओ न्यूज चॅनल वाढतं कसं? भामरागडच्या बातमीचं गणित

चंद्रपूर-गडचिरोलीत मोबाईल आणि माईक घेऊन बातमी देणारे यूट्यूब चॅनलवाले आता जागोजागी दिसतात. यातलं एखादंच चॅनल मोठं होतं. असं का? चला, समजून घेऊया.

सुरुवात कुठून झाली?

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि व्हिडिओ बघणं परवडू लागलं. 'खबर लहरिया'चंच बघा. २००२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये महिला पत्रकारांनी हे बुंदेली वर्तमानपत्र सुरू केलं. पुढे याच बायका मोबाईलवर व्हिडिओ बातम्या करू लागल्या. त्यांच्यावरच्या 'रायटिंग विथ फायर' माहितीपटाला २०२२ मध्ये ऑस्कर नामांकन मिळालं. म्हणजे बोलीभाषेतली, खेड्यातली बातमीही लांब जाऊ शकते.

पैसे कधी सुरू होतात?

यूट्यूबच्या जाहिरातीत वाटा हवा असेल तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास वॉच टाइम लागतो (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज). ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. एक माणूस सरासरी २ मिनिटं बघत असेल, तर १ लाख २० हजार व्ह्यूज पाहिजेत. २०११ च्या जनगणनेनुसार अख्ख्या गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या साधारण पावणेअकरा लाख आहे. त्यातल्या एका तालुक्याच्या बातमीला किती प्रेक्षक मिळणार?

ताडोबाच्या वाघाचा व्हिडिओ मात्र पुण्यातही चालतो आणि दिल्लीतही. तो समजायला भाषाही लागत नाही. अल्गोरिदम बघतो ते लोक किती वेळ थांबले. बातमी कुणाच्या किती कामाची आहे, हे त्याला कळत नाही.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. पेशंटला दवाखान्यात न्यायचं असेल तर रस्ता चालू आहे का, ही बातमी थोड्याच लोकांना लागते, पण ज्यांना लागते त्यांना ती तेव्हाच लागते.

नेटवर्क कमी असेल तर?

१६ एमबीपीएसने शूट केलेला ३ मिनिटांचा व्हिडिओ ३६० एमबीचा होतो. अर्धा एमबीपीएस स्पीडवर तो चढवायला दीड तासाहून जास्त लागतो. तोच २ एमबीपीएसवर कॉम्प्रेस केला तर ४५ एमबी होतो आणि १२ मिनिटांत चढतो. पुराच्या दिवशी हा फरक फार मोठा आहे.

मग करायचं काय?

वाघाचे व्हिडिओ टाका, त्यावर खर्च भागू द्या. पण रस्ता, पूर, दवाखान्याच्या बातम्या वेगळ्या प्लेलिस्टमध्ये ठेवा, माडिया-गोंडीतही सांगा आणि छोटी फाईल करून गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. तिथला व्ह्यू यूट्यूबच्या हिशोबात येत नाही, पण बातमी पोचते. चॅनल किती वाढलं हे मोजताना व्ह्यूजसोबत हेही मोजा.