जन्मतारीख : एक जून

मामांचं एटीएम कार्ड हरवलं, तेव्हा मी नांदेडला त्यांच्याच घरी होतो. त्यांनी बँकेच्या ग्राहकसेवेला फोन लावला आणि ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडच्या मुलीनं पडताळणीसाठी जन्मतारीख विचारली. मामा म्हणाले, एक जून एकोणीसशे अठ्ठावन्न. मग आईचं नाव. तेही सांगितलं. "धन्यवाद सर, आपली पडताळणी पूर्ण झाली." मामांच्या जागी मी बोललो असतो, तर मामा म्हणून माझीही पडताळणी पूर्ण झाली असती.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकासाठी एक जूनची गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं मागच्या दोन-तीन पिढ्यांत पोराला शाळेत घालताना गुरुजी जन्मतारीख विचारायचे आणि घरचे सांगायचे, "पोळ्याच्या आसपास झाला बघा." गुरुजी मग शाळेच्या हिशेबात बसेल अशी तारीख टाकून मोकळे व्हायचे. त्यामुळं आमच्या गावांत एक जूनला इतक्यांचे वाढदिवस येतात, की मोबाइलवर शुभेच्छा देतादेता अंगठा दुखतो. आईच्या नावाची गत याहून वेगळी नाही. ते गुणपत्रिकेवर छापलेलं असतं. एक मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या तर नावातच आईचं नाव लावायचं राज्य सरकारनं ठरवलं आहे. म्हणजे बँक ज्याला गुपित समजते, ते आमच्याकडं दाखल्यावर लिहिलेलं असतं.

माणूस ओळखायच्या रीती तीनच. त्याला काय ठाऊक आहे ते विचारायचं, त्याच्याजवळ काय आहे ते पाहायचं, नाहीतर त्याचं शरीर तपासायचं. पासवर्ड आणि पिन पहिल्या रीतीतले, कार्ड आणि सिम दुसऱ्या, अंगठा तिसऱ्या. पहिली रीत सगळ्यांत स्वस्त, म्हणून बँकांची आवडती. पण ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसेल, तरच तिचा उपयोग.

खात्याचा उतारा ई-मेलनं येतो तो कुलूप लावून. पुष्कळ बँकांत त्या कुलपाची किल्ली म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचा दिवस-महिना. नाव काही गुपित नसतं. उरले वर्षाचे ३६६ दिवस. कार्डाचा पिन तीनदा चुकला की कार्ड अडतं, पण मेलमधून उतरवून घेतलेल्या फाइलला असं कुणी अडवणारं नसतं. संगणक ३६६ तारखा डोळ्याचं पातं लवायच्या आत लावून पाहतो. आमच्याकडं तर पहिलीच तारीख कोणती लावायची हेही ठरलेलं. आधारच्या फाइलची किल्ली नावाची चार अक्षरं आणि जन्मसाल. लातूरच्या कोचिंगच्या गल्ल्यांत फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात कधी उभं राहून बघा. पोरगं पेनड्राइव्ह देतं, दुकानदार आधार उघडतो, छापतो. पासवर्ड विचारतसुद्धा नाही.

खरा पासवर्ड बँकेनं कसा सांभाळायचा असतो? उत्तर विचित्र वाटेल : सांभाळायचाच नसतो. ज्वारी दळून पीठ करता येतं, पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही. तसं तुम्ही दिलेला पासवर्ड एका गणिती गिरणीतून काढायचा आणि फक्त पीठ ठेवायचं. पुढच्या वेळी तुम्ही पासवर्ड टाकलात की तो पुन्हा दळायचा आणि दोन्ही पिठं ताडून पाहायची. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं दिसावं म्हणून दळताना प्रत्येकात वेगळं काहीतरी मिसळतात. त्याला तंत्रज्ञ चक्क मीठच म्हणतात. तुम्ही स्वतः ही गोष्ट तपासू शकता. "पासवर्ड विसरलो" म्हटल्यावर एखाद्या संस्थेनं तुमचा जुनाच पासवर्ड कळवला, तर तिथं पीठ नाही, ज्वारीची पोती उघडी पडली आहेत.

आता काउंटरच्या पलीकडं. बँकेतला प्रत्येक मोठा व्यवहार दोघांच्या हातून जातो : एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं मंजुरी द्यायची. याला मेकर-चेकर म्हणतात आणि दोघांचे लॉगिन वेगळे असतात. पण शाखेत माणसं चार, त्यात लग्नसराई. साहेब सुट्टीवर जाताना पासवर्ड ठेवून गेले, की दोन चाव्यांची तिजोरी एका चावीची झाली. शिवाय महिन्या-दोन महिन्यांनी पासवर्ड बदला असा दंडक असतो. मग पासवर्डात बँकेचं नाव, ॲट आणि महिन्याचा आकडा येतो; महिना बदलला की आकडा बदलायचा. असा ठराविक मुदतीचा बदल सक्तीचा करू नका, त्यानं पासवर्ड कमजोरच होतात, असं अमेरिकेच्या मानक संस्थेनं २०१७ मध्येच सांगितलं. आपल्याकडं तो दंडक अजून पुष्कळ ठिकाणी टिकून आहे.

हे सगळं केवढ्याला पडू शकतं ते नांदेडनं पाहिलं आहे. जानेवारी २०२१ मध्ये इथल्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून साधारण साडेचौदा कोटी रुपये निरनिराळ्या खात्यांत वळते झाले. ते खातं होतं आयडीबीआय बँकेत. बँकेचं बँकेत खातं कशाला, असा प्रश्न पडेल. लहान सहकारी बँकांना आरटीजीएस-एनईएफटीत थेट प्रवेश बहुधा नसतो. त्या एखाद्या मोठ्या बँकेत खातं ठेवतात आणि तिच्या दारातून पैसे पाठवतात. म्हणजे मोठ्या बँकेच्या लेखी आख्खी लहान बँक हीच एक ग्राहक. या ग्राहकाचा आदेश आला, तर तो त्याच्याकडूनच आला हे कसं ओळखायचं? पुन्हा तेच : लॉगिन, पासवर्ड, ओटीपी, मंजुरी. मामांच्या फोनवरचाच प्रश्न, फक्त रक्कम कोटींत. नांदेडच्या प्रकरणात चूक कुणाच्या बाजूची होती, हा निवाडा मी करणार नाही. पण काळ लक्षात घ्या. आरटीजीएस चोवीस तास सुरू झालं १४ डिसेंबर २०२० ला, म्हणजे त्याच्या अवघे काही आठवडे आधी. पूर्वी रात्री आणि रविवारी आरटीजीएसचा पैसा झोपायचा. आता माणसं झोपतात, पैसा जागा असतो.

त्यात आणखी एक भोक होतं. तेव्हा एनईएफटी करताना नाव शिंदे लिहा की देशमुख, पैसे खातेक्रमांक पाहून जमा व्हायचे. पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसावं, अशी सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या, असं रिझर्व्ह बँकेनं ३० डिसेंबर २०२४ ला बँकांना सांगितलं. इतका उशीर का, हे मला आजवर उमगलेलं नाही.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेत ऑगस्ट २०१८ मध्ये तर कुणा ग्राहकाचा पासवर्ड चोरावाच लागला नाही. एटीएमला "पैसे दे" किंवा "नको" सांगणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी आपली बनावट यंत्रणा बसवली आणि तिनं सगळ्यांना होकार दिला. दोन दिवसांच्या व्यवहारांत ९४ कोटींहून जास्त गेले.

आणि संगणकच कशाला? २०२३ च्या सुरुवातीला लातूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खात्यातून सुमारे २३ कोटी रुपये गेल्याचा गुन्हा नोंदला गेला. आरोप कार्यालयातल्याच लिपिकावर, खोट्या सह्या आणि धनादेशांतल्या फेरफाराचा. सही जुळते का हे पाहणं ही बँकेची सगळ्यांत जुनी पडताळणी. पण रोज तोच माणूस, तोच शिक्का, तीच सही घेऊन आला की काउंटरवर कागद कमी आणि चेहरा जास्त पाहिला जातो.

ग्राहकाच्या हातात रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी ते निघालं. चूक बँकेची असेल, तर ग्राहकाचं नुकसान शून्य. चूक दोघांचीही नसेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तरी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं, तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजारांची झळ. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, त्यानंतरचं बँकेचं. आणि महत्त्वाचं : ग्राहक चुकला हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे. काउंटरवर हे वाक्य सहसा कुणी सांगत नाही. म्हणून आधी बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकाला फोन करायचा, मग रडायचं.

उलट दिशेच्या पडताळणीचं मात्र फारसं कुणी बोलत नाही. बँक आपल्याला ओळखू पाहते. आपण बँकेला कसं ओळखायचं? बँकांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरले, संकेतस्थळांसाठी डॉट बँक डॉट इन आलं, हे चांगलंच झालं. मामांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आठवड्यानं फोन आला : नवं कार्ड मिळालं का सर, पडताळणीसाठी जन्मतारीख सांगा.

मामा म्हणाले, "ताई, आधी तुम्ही सांगा. माझं खातं कोणत्या शाखेत आहे?"

"सॉरी सर, सुरक्षेच्या कारणास्तव ती माहिती देता येत नाही."

"मग मलाबी देता येत नाही," म्हणून मामांनी फोन ठेवला.